खिडकीखालची गाडी

आमचं घर अमरावतीत परतवाडा रोडवर, काळ्यापिवळ्या जीपांच्या स्टँडला लागून. घर कसलं, एक खोली आणि एकच खिडकी. गाडी भरेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, ही स्टँडची रीत. इंजिन बंद दिसलं की सवारीला वाटतं, ही काही इतक्यात निघत नाही, आणि ती पुढच्या जीपमध्ये जाऊन बसते.

आईला दमा. तिची खाट खिडकीशीच. काळा धूर आला की ती ओरडायची, "लाव वो खिडकी!" आणि मी हातातलं टाकून धावायची.

कापसाची ती वाईट वर्षं होती. भावाने शेतीला कंटाळून बैलजोडी विकली, कर्ज काढून नवीकोरी डिझेल गाडी आणली आणि परतवाड्याच्या फेऱ्या सुरू केल्या. पहिल्याच दिवशी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा दुपट्टा धरून त्याने आईला दाखवला. "पाय नं, डागबी नाही." मग धुराच्या जीपा आईजवळ यायला नकोत म्हणून भांडून खिडकीखालची जागाच त्याने आपल्या गाडीला मिळवली. आईला कोण कौतुक! पोरगा डोळ्यांसमोर, धूर नाही. खिडकी उघडीच राहू लागली.

त्या हिवाळ्यात तिचा दमा वाढतच गेला. तोंडात मारायच्या औषधाच्या पंपाने भागेना. बोलताना वाक्य अर्ध्यावर सुटायचं. मी देवावर चिडले, औषधांवर चिडले, शेजारणीच्या चुलीवरसुद्धा चिडले. गाडी मात्र डोक्यातही आली नाही.

शेवटी तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी घर कुठे आहे, खिडकीखाली काय उभं असतं ते विचारलं आणि कपाळाला हात लावला. डिझेल गाडीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, म्हणाले. तो दिसत नाही, कापडावर उमटत नाही, पण दम्याच्या श्वासनळ्या सुजवतो. काजळी गेली म्हणजे तोही गेला असं नाही. आई ऐकत होती आणि भाऊही, खाली मान घालून.

दुसऱ्या दिवशी गाडी लावल्यावर त्याने इंजिन बंद केलं. दुसरीकडे उभी करायला जागाच नव्हती. आत बसलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. एक बाई लेकराला घेऊन उतरली. तिच्यामागे आणखी दोघं उतरले आणि मागच्या गुरगुरत्या जीपमध्ये जाऊन बसले. भाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला. मला त्याची इतकी दया आली की त्या उतरणाऱ्यांना चार शिव्या हासडाव्यात असं वाटलं.

तेवढ्यात आई खाटेवर उठून बसली. खिडकीचे गज धरून, धापा टाकत तिने हाक मारली, "चालू कर नं रे गाडी... सवाऱ्या उतरून राहिल्या."

मी खिडकी लावायला धावले, तर ती गज सोडेना. भावाने एकदा वर पाहिलं आणि चावी फिरवली.