टीव्हीचा डावा कोपरा

तेरखेड्याच्या आमच्या दाजींनी आयुष्यात कुठल्या वस्तूला सरळ चांगलं म्हटलं नाही. बैल असो, भांडं असो, नाहीतर पंगतीत वाढलेला लाडू असो, आधी त्याची खोड काढायची आणि मगच हात लावायचा. लाडू फोडून उजेडात धरायचे आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "पाक कच्चा राह्यलाय. वाढा अजून दोन." माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, हे मालक. असला माणूस तुमच्याही नात्यात एखादा असंल. नसंल तर नशीबवान आहात.

आमच्या घराची वहिवाट अशी की मोठी वस्तू आणायची तर थोरल्या जावयानं बघितल्याशिवाय ती उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. वहिवाट कुणी पाडली ठाऊक नाही, पण दाजींच्या हाती लागल्यावर तिचा जुलूम झाला. आम्ही उमरग्याकडचे. निरोप गेला की हे तेरखेड्याहून एसटीनं निघायचे, आणि उतरल्या उतरल्या आधी एसटीची खोड सांगायचे. मग चहाची. मग माझ्या तब्येतीची. वस्तूची पाळी संध्याकाळी यायची.

त्यांचा एक कायदा होता, आणि तो सांगताना ते मांडी बदलून बसायचे. "तात्या, जिची खोड दिसली ती वस्तू घ्यावी. जिची दिसत न्हाय तिच्यात ती दडून बसल्याली असती, आन् घरी आणल्यावर भाईर येती." माझ्यासाठी मुलगी बघायला हेच गेले होते. परत येऊन भरल्या बैठकीत सांगितलं, "पोरगी कामाची हाय. खोड येकच, बोलताना नजर खाली करत न्हाय. उडवून द्या बार." तिनं आजपावेतो नजर खाली केलेली नाही. दाजींचं असं खरं निघालं की ते वर्षानुवर्षं ऐकवायचे. खोटं निघालं तर मात्र त्यांना काही आठवत नसायचं. त्यांनी पसंत केलेला तांबडा बैल पहिल्याच पेरणीला रानात मधीच खाली बसला. विचारलं तर म्हणाले, "बसायची खोड म्या सांगितली हुती की." कुणाला सांगितली, बैलाला?

आमचा जुना टीव्ही, तो मागं पोट सुटलेला डबा, त्यांनीच पसंत केला होता. "बटन कडक हाय, बाकी चालंल," असं म्हणून. तो डबा चांगला टिकला आणि काही वर्षांमागं एक दिवस धूर काढून गेला. तवर आमच्या दत्तानं, थोरल्या पोरानं, घर नवं बांधलेलं होतं. आता बैठकीला हॉल म्हणायचं असतं. छताला पांढऱ्या नक्षीचं काम केलंय, त्यात दिवे लपवलेत. दिवा लपवायला पैसा लागतो, ही अक्कल मला म्हातारपणी आली. तर त्या हॉलला म्हणे भिंतभर एचडी टीव्ही पाहिजे.

"बाबा, इतकं साफ दिसतं की माणसाच्या नाकावरचा घाम दिसतो," दत्ता म्हणाला.

"घामच बघायचा तर रानात चल माझ्यासंगं. फुकट दावतो."

सूनबाई हसली. दत्ता नाही हसला. तो मोबाईल पुढं करून म्हणाला, "दुकानात जायची पण गरज नाही. इथंच मागवू. लोकांनी वापरून लिहिलेलं असतं."

"कोन लोकांनी?"

"लोकांनी, बाबा."

"त्येंचं गाव कोनतं?"

शिकलेल्या माणसाची ही तऱ्हा. ज्याचं गाव ठाऊक नाही त्याच्या शब्दावर वस्तू आणायची, आणि घरच्या थोरल्या जावयाला विचारायचं नाही. "मामांना ह्यातलं काय कळतंय?" हे वर. आत्याच्या मालकाला आमच्याकडं पोरं मामा म्हणतात. मी सांगितलं, "काय कळत न्हाय त्येंला. पर ते आल्याबिगर ह्या भिंतीला खिळा ठोकायचा न्हाय."

मला दाजींचा पुळका होता असं कुणी समजू नये. पण त्यांच्या घरी काय चाललंय ते मला अक्काकडून कळलेलं होतं. पोरांनी रान वाटून घेतलं होतं. बी कुठलं आणायचं, म्हैस ठेवायची का विकायची, त्यांना काही विचारत नव्हती. जन्मभर दुसऱ्याच्या वस्तूची खोड काढलेला माणूस ओट्यावर बसून येणारी-जाणारी वाहनं ऐकायचा. त्यांना विचारणारं घर आता एकच राहिलं होतं, आमचं. तेही मोबाईलनं बंद केलं असतं तर दाजी मेल्यातच जमा. म्हणून मी अडून बसलो. अडून बसायला मला शिकवावं लागत नाही.

दाजी आले. एसटीतून उतरताना त्यांनी माझा दंड धरला. पूर्वी मी हात पुढं केला तर झटकायचे. "गर्दी लई," म्हणाले. उतरणारे ते एकटेच होते. एसटीची खोड त्यांनी सांगितली नाही, हेही माझ्या ध्यानात आलं.

उमरग्याला हायवेच्या कडंला टीव्हीचं मोठं दुकान आहे. दत्ता पुढं, आम्ही दोघं मागं. दाराची काच अशी पुसलेली की दाजी तिच्यावर जाऊन आदळले. टोपी सारखी करत म्हणाले, "काच पुसून ठिवत्यात बेनी. माणसाला दिसंल अशी ठिवावी का न्हाय?" मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

आत भिंतभर टीव्ही मांडलेले, आणि सगळ्यांवर एकच पोपट. एवढे टीव्ही आणि पोपट एक! तो मान वळवायचा, चोचीनं पंख खाजवायचा, परत मान वळवायचा. गळ्यात पट्टा घातलेला एक विक्रेता आला आणि जे बोलायला लागला ते थांबेचना. इतके इंच, तितके पिक्सेल. मधी एखादा मराठी शब्द आला की बरं वाटायचं. दाजींनी त्याला हातानं थांबवलं.

"ह्याची खोड काय ती सांगा."

"सर, ह्यात खोडच नाही."

"मंग ती तुमच्यात आसंल."

दत्ता खाली बघायला लागला. मला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. विक्रेत्यानं निमूट दुसरा टीव्ही दाखवला, मग तिसरा. पूर्वीचे दाजी असते तर प्रत्येकाच्या पाठीमागं गेले असते, बोटानं ठोकून बघितला असता, वायर ओढली असती. त्या दिवशी ते नुसते समोर उभे राहिले, हात पाठीशी बांधून. मग म्हणाले, "बेस हाय. घ्या."

दत्ता खूश झाला. विक्रेता खूश झाला. मी तेवढा झालो नाही. ह्या माणसानं स्वतःच्या लग्नातल्या मांडवाला बेस म्हटलं नव्हतं.

मी जवळ जाऊन हळू विचारलं, "दाजी, चित्र कशाचं हाय?"

"झाडी हाय की. हिरवीगार."

त्या पोपटाचं पीस न पीस मोजता येत होतं. चोचीवरची चीर दिसत होती. आणि दाजींना झाडी दिसत होती. एसटीतून उतरताना धरलेला दंड, दाराची काच, सगळं मला एकदम उलगडलं. दत्ता ऐकण्याइतका जवळ आला होता. त्याला कळलं असतं तर घरी गेल्या गेल्या सूनबाईला, तिथनं तेरखेड्याला, आणि मग दाजींना कुणी काही दाखवायला बोलावणार नव्हतं. आंधळ्याला कोण वस्तू दाखवतं?

मी मोठ्यानं म्हटलं, "दाजी, मघाशी तुमी काय म्हणत हुता? खालच्या कोपऱ्यात काळं दिसतंय म्हणून?"

दाजींनी मान वळवली. माझ्या तोंडाकडं बघितलं, म्हणजे माझ्या आवाजाकडं. एक दम घेतला आणि छाती काढून म्हणाले, "व्हय. डाव्या अंगाला."

डावं मी म्हटलंच नव्हतं. ते त्यांनी स्वतःचं घातलं.

विक्रेता वाकला. फडक्यानं कोपरा पुसला. "सर, काहीच नाही."

"तुमाला दिसनार न्हाय. तुमी इकायला बसलाय."

आता दत्ता वाकला. डोळे बारीक केले, मान इकडं केली, तिकडं केली. "हां," म्हणाला, "थोडं आहे खरं." एवढं शिकवलं त्याला. नव्हतं ते बरोबर दिसलं.

"खोड गावली," दाजी म्हणाले. "ल्हान हाय. घिऊन टाका." आणि मागं वळून चालायला लागले ते थेट त्या काचेकडं. मी आधीच जाऊन दार उघडून धरलं.

बाहेर रसवंतीवर बसलो. दत्ता आत बिल करत होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस एक बरा शब्द बोलंल. रसाचा ग्लास रिकामा करून, मिशी पुसून दाजी म्हणाले, "तात्या, काळं म्हणायचं न्हवतं. रंग फिका हाय म्हणायचं. फिक्क्याला कुनी फडकं लावत न्हाय. खोटं बोलायची तुला रीतच न्हाय."

असा संताप आला! ह्याची इज्जत मी वाचवली, आणि ह्यानं माझ्या खोट्याची खोड काढली. मी म्हटलं, "चला मंग डोळ्याच्या दवाखान्यात. हितंच हाय, उमरग्यात."

"माझी खोड कुनी काढायची न्हाय," ते म्हणाले. "आन् रसात लिंबू जास्त झालंय."

नाही आले. अक्कानं पुढं कधीतरी रडून-भांडून नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, कडेनं नजर खात मधोमध आलाय, गेलेली परत येत नाही. त्यानंतर दाजी दरसाली आमच्याकडं येऊन राहायचे. त्या टीव्हीसमोर ताठ बसायचे, तोंड जरा बाजूला. गडबड चालू असताना मधीच विचारायचे, "तात्या, कोपरा कसा हाय?"

"वाढतोय," मी म्हणायचो.

"म्या सांगितलं हुतं."

"व्हय. तुमी सांगितलं हुतं."

घरातली सगळी ऐकायची. दत्ता आल्या पाहुण्याला तो कोपरा बोट लावून दाखवायचा, आणि पाहुणाही मान हलवायचा. दाजींची मान तेवढी ताठ व्हायची.

मागच्या थंडीत दाजी गेले. तेरखेड्याला पोचलो तर त्यांची पोरं लाकडं, माणसं, सगळ्याची चोख व्यवस्था करून मोकळी झालेली. एक उणीव काढायला जागा नाही. दाजींना ते मुळीच आवडलं नसतं. मी लाकडांकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "वली हायेत." सगळी माझ्याकडं बघायला लागली. अक्का तेवढी पदराआड हसली, आणि मग रडली.

आता हॉलमधी मी एकटाच बसतो. परवा बातम्या बघताना मला त्या टीव्हीच्या खालच्या कोपऱ्यात, डाव्या अंगाला, काळं दिसलं. धुरासारखं. मान हलवली तरी जाईना. सूनबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "काही नाही ओ मामंजी, साफ आहे." दत्तानं आपला चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "बाबा, उद्या उमरग्याला जाऊन डोळे दाखवून येऊ."

मी म्हटलं, माझे डोळे ठणठणीत आहेत. खोड टीव्हीची आहे. दाजींनी दुकानातच सांगितली होती.