गुरुवारचं परतीचं तिकीट

हे मी घरात कधी बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही आणि मुलीजवळ तर नाहीच. तिला माझं कौतुक आहे, आई किती सरळ आहे म्हणते. तुम्ही माझे कोणी नाही, म्हणून तुमच्याजवळ कदाचित जमेल. बघू.

दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात माझी सगळी नोकरी झाली. कोणतं खातं, ते राहू दे. गाझियाबादच्या बाजूला घर, मेट्रोने जायचं-यायचं, मधे फाइली. या नोकरीत माणूस तोंड बंद ठेवायला शिकतो. मी तर त्या बाबतीत ऑफिसात नावाजलेली होते. मग ते एक वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं? — पण आधी त्या बायकांबद्दल सांगते.

डिसेंबर होता, संसदेचं अधिवेशन चालू होतं. वाशिमकडच्या गावांत शाळेतल्या मुलांची खिचडी शिजवणाऱ्या बेचाळीस जणी धरण्याला आल्या होत्या. शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद, म्हणून त्या दोन महिन्यांचं मानधनही बंद — ते मिळावं, एवढीच मागणी. पहाडगंजला एका धर्मशाळेत उतरल्या होत्या आणि दिवसभर आमच्या ऑफिसपासून थोड्या अंतरावर बसायच्या. जेवणाच्या सुट्टीत मराठी कानावर पडलं आणि मी वळले. दिल्लीत कितीही वर्षं काढा, हे सुटत नाही.

सुती साड्या, कानाला टॉवेल गुंडाळलेले. दुसऱ्या दिवशी मी घरातले जुने स्वेटर घेऊन गेले. त्यांच्या पुढारी कुसुमताई, माझ्याच वयाच्या. त्यांनी मला मॅडमवरून ताईवर आणायला फार वेळ लावला नाही. रेखा नावाची एक तरुण बाई होती, तिचं हिंदी फर्डं होतं, त्यामुळे पोलिसांशी, पत्रकारांशी तीच बोलायची. मी रोज जायला लागले. आपण बऱ्या बाई आहोत असं त्या दिवसांत मला फार वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

सोमवारी कुसुमताईंनी पिशवीतून तिकिटं काढली. सहा-सहा जणींचं एक, अशी सात. माझा मोबाइल चांगला चालतो, तर कन्फर्म झाली का तेवढं बघता का? मी एकेक नंबर टाकत गेले. सातही कन्फर्म. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तारीख गुरुवारची होती.

आता तुम्हीच विचार करा, त्यांच्या हातात होतं तरी काय? एक दिवस खिचडी शिजली नाही म्हणून दिल्लीत कोणाचं काय अडतं? बस बंद पडत नाही की वीज जात नाही. त्यांच्याकडे एकच गोष्ट होती — त्या कधी उठणार हे समोरच्याला माहीत नव्हतं. मागणी मान्य झाल्याशिवाय हलणार नाही, असं त्या माइकवर रोज सांगत होत्या, आणि आमचे साहेब, ज्यांच्याकडे हा विषय होता, ते खरं धरून चालले होते. पुढच्या आठवड्यात सभागृहात याच विषयावर प्रश्न येणार होता. मंत्री उत्तर द्यायला उभे राहतील तेव्हा या बायका बाहेर बसलेल्या त्यांना नको होत्या. म्हणून बुधवारी तीन वाजता त्यांच्या प्रतिनिधींबरोबर बैठक ठरली होती. सुट्टीतलं मानधनही द्यावं, असं राज्यांना कळवणाऱ्या पत्राचा मसुदा तयार होता. मला हे नक्की माहीत आहे, कारण तो मसुदा मीच टाइप केला होता.

म्हणजे मला दोन्ही बाजू माहीत होत्या. साहेब द्यायला तयार आहेत हे बायकांना माहीत नव्हतं, आणि बायका गुरुवारी जाणार हे साहेबांना. दोन्ही फक्त मला. तर मी काय केलं?

मंगळवारी साहेबांच्या खोलीत चहा चालू होता. आणखी दोघे अधिकारी होते, मी सहीसाठी फाइल घेऊन उभी. "यार, ये कब तक बैठेंगी?" साहेब म्हणाले. मला विचारलंच नव्हतं त्यांनी. तिघांपैकी कोणाचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

"सर, गुरुवार को चली जाएँगी," मी म्हणाले. "रिज़र्वेशन है। मैंने खुद देखा है।"

तिघांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला बरं वाटलं. यापलीकडे कारण शोधायचा मी खूप प्रयत्न केला आहे. बढती नको होती, कोणाची भीती नव्हती, बायकांवर राग तर नव्हताच. बरं वाटलं, एवढंच.

बैठक शुक्रवारी सकाळवर गेली. साहेबांना अचानक दौरा निघाला, असं कळवण्यात आलं. ते कळवणारं पत्रही मीच टाइप केलं. पहाडगंजला खूप वादावादी झाली म्हणे. पाच-सहा जणींना मागे ठेवायचं निघालं, पण थंडीत राहणार कुठे, आणि पुन्हा तिकिटं कशी मिळणार? गुरुवारी सगळ्या गेल्या. मी निरोप द्यायला स्टेशनवर गेले होते, पराठे घेऊन. शुक्रवारी फाइलवर नोंद झाली, प्रतिनिधी उपस्थित नव्हते. मसुदा फाइलींच्या ढिगात खाली गेला, तो खालीच राहिला.

इथपर्यंतचं मी कदाचित कोणाला तरी सांगितलंही असतं. तोंडून गेलं, झालं, असं म्हणता येतं. पुढचं म्हणता येत नाही.

महिन्याभराने कुसुमताईंचा फोन आला. साहेबांच्या दौऱ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्या पुढारी उगाच नव्हत्या झाल्या. नेमकी शुक्रवारचीच तारीख कशी दिली, हे त्यांनी बरोबर ताडलं होतं.

"आमच्यातलीच कोणी फुटली, ताई," त्या म्हणाल्या. "पोलिसांशी रोज बोलणारी एकच होती. रेखीनंच सांगतलं असन. तुम्हाले काय वाटते?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. घाई कसलीच नव्हती, विचार करायला भरपूर वेळ होता. कुसुमताई थांबल्या होत्या. मी काय म्हणते यावर त्यांचं ठरणार होतं, कारण मी दिल्लीची, शिकलेली, सरकारात असलेली आणि त्यांची माणूस होते.

"असेल," मी म्हणाले.

रेखाला संघटनेतून काढलं. तिने पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तरी कोणी ऐकलं नाही. गावात बाकीच्या तिच्याशी बोलेनाशा झाल्या, आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिने काम सोडलं. हे सगळं मला कुसुमताईंनीच सांगितलं. त्या अजून फोन करतात, दिवाळीला, संक्रांतीला. ऐकून घेते. रेखाचा विषय आता निघत नाही. मीही काढत नाही.