बोर्डिंगचा फोटो

मंडळाच्या वहिनींनी मी आणलेला फोटो भिंतीवरून काढला आणि कोटांच्या ढिगाखाली सरकवला. माझ्यादेखत. हसत.

"वाईट वाटून घेऊ नका हं," म्हणाल्या. "पण आज गड आहेत, मंदिरं आहेत. त्यात ही पडकी खोली... जातीपातीचं इथे कशाला? वातावरण बिघडतं."

न्युरेम्बर्गमधला भाड्याचा हॉल. मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन. 'आपला वारसा' नावाचं प्रदर्शन. गावाकडच्या एखाद्या वास्तूचा फोटो आणा, असं या वहिनींनीच सगळ्यांना कळवलं होतं. मी आमच्या गावचं बोर्डिंग नेलं. चळवळीतल्या माणसांनी आमच्या पोरांसाठी बांधलेलं वसतिगृह. गावतळ्याचं पाणी आम्हाला बंद होतं. ते प्यायला मोर्चा निघाला, तो याच बोर्डिंगच्या ओट्यावरून. माझा आजा त्यात होता. डोकं फुटलं त्याचं. आतल्या खोलीत आणून निजवला. भिंतीला रक्त लागलं. आता छप्पर बसलंय. भिंतीत पिंपळ शिरलाय. पंचायत म्हणते, धोकादायक आहे, पाडा. जागा दुकानाच्या गाळ्यांसाठी हवी आहे.

हे सगळं मी फोटोखाली लिहिलं होतं. वहिनींनी वाचलं असणारच.

मी काय केलं? "बरं" म्हणाले. पोह्यांची प्लेट घेतली. वर "छान झालेत" असंही म्हणाले. कान तापले होते. इंजिनिअर बाई मी. जुन्या इमारती वाचवणं हेच माझं काम. डेंकमालशुत्स म्हणतात इथं त्याला. बॉम्बनं फुटलेल्या चर्चची भिंत आम्ही दगडाला दगड लावून उभी करतो. लोकांच्या भिंतींना मी टेकू देते. माझ्या आज्याची भिंत कोटांखाली गेली, आणि मी चटणी मागत होते.

माझी मुलगी इथंच वाढलेली. मराठी कळतं तिला, बोलते जर्मनमध्ये. ती रिकाम्या खिळ्याकडे बघत होती.

"आई, वारुम?"

का? एवढंच.

जागा नव्हती गं, हे उत्तर तोंडात तयार होतं. असं खोटं आम्हाला तोंडपाठच. आडनाव विचारलं की गाव सांगायचं. गाव विचारलं की जिल्हा. ते जिभेवर आलं आणि मला माझीच किळस वाटली. मान खाली घालायला मी आता पोरीलाही शिकवणार होते. जर्मनीत.

मी कोट ओढले. काही खाली पडले. पडू दिले. फोटो परत खिळ्याला अडकवला.

वहिनी धावत आल्या. "अहो, आत्ताच बोललो ना आपण?"

"तुम्ही बोललात. मी नुसतं 'बरं' म्हणाले. आम्ही महार. हा आमचा वारसा. काढायचा असेल तर सगळ्यांसमोर काढा. का काढला, तेही सांगा."

वहिनींचे यजमान म्हणाले, "गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर, नंतर बघू." माझ्या बाजूला कुणी आलं नाही. फोटोला हातही कुणी लावला नाही. लाज गेली नव्हती. अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी गावी चुलतभावाला फोन लावला.

"अक्का, पुढच्या महिन्यात जेसीबी आणणार म्हणतात," तो म्हणाला.

"मी येतेय. टेकू मी लावीन. पडती भिंत कशी धरायची, ते मला येतं. वस्तीतल्या बायांना सांगून ठेव."

"आणि तू यायच्या आधीच जेसीबी आला तर?"

"तर मी याच आठवड्यात निघते. येतील तेव्हा आपण आत बसलेले असू. माझ्या पोरीसकट."