विहिरीचं पाणी

थंडीआधी बॅटरी तपासून घ्यावी म्हणून परवा ऐरोलीच्या गॅरेजात गेलो. ॲसिडचा वास नाकात गेला आणि साठच्या दशकातली एक गार सकाळ आठवली.

सातवीत शाळा सोडलेला मी विशीत साताऱ्याहून रबाळ्याला आलो होतो, एका कारखान्याची जीप चालवत होतो. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, असं कारखान्याच्या मिस्त्रींनी बजावलं होतं. ते संपलं, मागायची भीती वाटली, म्हणून मी विहिरीचं घातलं. आमच्या गावी विहीर म्हणजे गोडं पाणी; खाडीकाठचं खारं पाणी बॅटरी खाईल, हे डोक्यातच आलं नाही.

त्या सकाळी शेजारची धोंडूबाई कोळीण अडलेल्या सुनेला घेऊन आली. ठाण्याला न्यायचं होतं. चावी फिरवली, तर जीप नुसती कण्हली.

“तुजी गाडी पन अडली का रं?” म्हणत धोंडूबाईनंच पदर खोचला आणि ढकलायला लागली. मागून सगळी आळी आली. जीप सुरू झाली.

नातू सुखरूप झाला. बारशाला तिनं मला पहिल्या पंगतीत बसवलं, म्हणाली, “या पोराचं उपकार हायत.” घर सोडल्यापासून इतक्या मायेनं कुणी वाढलं नव्हतं. मी खाली मान घालून जेवलो, चूक सांगितली नाही.

तेव्हा वाटलं, वाचलो. आता वाटतं, सांगितलं असतं तरी तिनं वाढलंच असतं.