देव्हाऱ्यातला पॉइंट

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या बाईला असल्या गोष्टींना वेळही नसतो. शिक्षण माझं चौथीपर्यंत. चारचौघांत मला बोलायला जमत नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे. कुणी वाचलं तर ठीक...

गोष्ट ऐंशी सालानंतरची. आमचं घर वखारींच्या मागच्या गल्लीत. दारात मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, काळी मोटार असायची. इंग्रजांच्या काळातली, पुढून हँडल मारून सुरू होणारी. लग्नात नवरीला आणि अडीनडीला आजाऱ्याला बेळगावला न्यायला लोक तीच भाड्यानं सांगायचे.

त्या जुन्या गाडीत पॉइंट म्हणून एक भाग असतो. अंगठ्याएवढ्या पत्र्यावर समोरासमोर दोन बारीक टिकल्या. इंजिन चालताना त्यांची उघडझाप होते आणि त्यामुळे आत ठिणगी पडते. टिकल्या चिकटल्या की गाडी बंद. मामंजी रोज सकाळी त्या घासायचे आणि मधे विडीच्या बंडलाचा जाड कागद सरकवून फट बरोबर आहे का बघायचे. अंगण झाडता झाडता मी ते रोज बघितलेलं.

मामंजी गेले. पुढं ह्यांनी, माझ्या मालकांनी, बेळगावच्या इब्राहिम मिस्त्रींकडून ते पॉइंट काढून टाकले आणि ठिणगी पाडायला इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा बसवून घेतला.

"आता घासाघाशी न्हाई," हे म्हणाले. "आप्पांचं निम्मं आयुष्य ह्या टिकल्या घासण्यात गेलं."

काढलेला पॉइंट आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मागून घेतला. आमच्यात घरातलं मोठं माणूस गेलं की त्याच्या नावानं चांदीच्या लहान पत्र्यावर आकृती उठवून घेतात आणि तो टाक देव्हाऱ्यात बसवतात. मामंजींचा टाक सोनाराकडं रखडला होता. आत्याबाईंनी त्या जागी हा पॉइंटच ठेवला.

"आई, अगं लोखंड हाय ते!" हे हसले.

"असूं दे. सोनाराच्या चांदीला त्यांचा हात लागलाय व्हय? ह्याला रोज लागलाय."

पूजा माझ्याकडं असायची. देवांना लावते तशी मी पॉइंटलाही हळद लावायची. थोड्याच दिवसांत दिसलं — दोन टिकल्यांच्या मधली हळद काळी पडलेली. जळल्यासारखी. पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! मग ध्यानात आलं... गाडी भाड्याला गेली की हळद काळी, गाडी दारात उभी असली की हळद पिवळीच.

आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "समईची काजळी उडत असंल. चष्मा लाव."

"मला चष्मा न्हाई, आत्याबाई."

"मग घे."

विषय तिथंच संपला.

माझी नणंद सुमन बाळंतपणाला आली होती. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळं घर धास्तावलेलं. अमावास्येच्या दिवशी सकाळी पूजा आत्याबाईंनी स्वतः केली, आणि थोड्या वेळानं सुमनला कळा सुरू झाल्या. सुईणीनं पोटावर हात फिरवला आणि उठलीच. "मूल आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई हे. बेळगाव गाठा, लगीच!"

सुमनला गाडीत निजवलं. आत्याबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. ह्यांनी हँडल मारलं. काहीच नाही. पुन्हा मारलं. ह्यांचा सदरा घामानं चिकटला तरी इंजिन साधं खोकलंसुद्धा नाही. शेजारचा तुकाराम ह्यांना म्हणाला, "शिवा, डबा बेंगळूरचा हाय काय रं? कानडीत सांगून बघ!" कुणी हसलं नाही. दुसरी गाडी बघायला एक माणूस पळाला. आतून सुमन ओरडली, "वैनी, ह्येबी जातंय बघ गं!"

मी तिच्यासाठी पाणी आणायला घरात धावले. देव्हारा वाटेतच आहे. नजर गेली आणि पाय थांबले. आत्याबाईंनी सणासारखी घट्ट ओली हळद थापली होती — सगळ्या देवांना, आणि पॉइंटलाही. टिकल्या हळदीत चिकटून बसल्या होत्या.

मी विचार केला नाही. पदरानं हळद पुसली, विडीच्या बंडलाचा कागद फाडला आणि मामंजी करायचे तसा टिकल्यांच्या मधे सरकवला. कागद बाहेर ओढला... आणि बाहेर गाडी सुरू झाली.

गाडी गल्लीतून गेली. माझं बोट पॉइंटवरच होतं. त्याला टकटक लागत होती. लोखंडाचा तो तुकडा कशालाही जोडलेला नव्हता, देवांच्या पाटावर होता, आणि माझ्या बोटाखाली त्याची उघडझाप चालली होती!

भीती वाटली, पण बोट काढायची जास्त भीती वाटली. मी तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळानं शेजारची गंगाक्का दार बडवायला लागली, "अगं दूध उतू जातंय, मेलीस का काय?" दूध उतरवायला मी उठले. परत येऊन बोट ठेवलं तर पॉइंट गप्प! मी पुन्हा कागद सरकवला, हात जोडले. टकटक सुरू झाली. पुढं ती आपोआप थांबली, ती थांबलीच. मग कितीही कागद सरकवला तरी पॉइंट हलला नाही.

दुसऱ्या दिवशी हे आणि आत्याबाई आले. इब्राहिम मिस्त्रीही गाडी तपासत बरोबर आले होते. मुलगी झाली होती, सुमन सुखरूप. तिच्याजवळ तिची सासू थांबली होती.

"बेळगावच्या अलीकडं, काकतीजवळ बंद पडल्यागत झाली," हे म्हणाले, "मग आपसूक धरली. दवाखान्याच्या दारात थांबली, ती मेलीच."

मिस्त्रींनी चहाची बशी खाली ठेवली. "वहिनी, मी डबा उघडला. आतली वायर तुटलेली. टोकाला गंज, वर कोळ्याचं जाळं. ही कालची तुटलेली न्हाई, लई दिवसांची हाय. मी नवीन जोडली तवा गाडी चालू झाली. पण त्याआधी ही गल्लीच्या बाहेरसुद्धा जायला नको हुती!"

परक्या पुरुषासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं. हे माझ्याकडं बघतच राहिले. आत्याबाई मात्र देव्हाऱ्याकडं बघत होत्या.

"मी त्यास्नी देव करून बसीवलं," त्या म्हणाल्या, "आणि ते गाडीच वडत बसलं, व्हय?"

त्यांनी पॉइंट उचलला, आणि आम्ही जवळच्या यमगर्णी गावाला वेदगंगा नदीवर गेलो. पाण्यात सोडताना आत्याबाई वाकून हळू बोलल्या, रोजच्या बोलण्यातलं बोलावं तशा, "उतरा आता खाली. पोरगी पोचली."

पुढं चांदीचा टाक आला. त्याची हळद कधी काळी पडली नाही. गाडीही मिस्त्रींच्या नव्या वायरवर नीट चालली.

शिकलेल्या माणसांना विचारून बघितलं. कुणी म्हणतं काजळी, कुणी म्हणतं माझ्या मनाचे खेळ. असतीलही. पण मिस्त्रींना विचारलं की ते एकच सांगायचे, "ठिणगीबिगर इंजिन चालत न्हाई, वहिनी. मला एवढंच ठावं." निपाणीपासून बेळगावपर्यंत ती ठिणगी कुठून पडत होती, हे त्यांनाही कधी सांगता आलं नाही.