घासलेलं नाणं

नाणं चकचकीत करून मी म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवलं, तेव्हा तो ते उलटसुलट करून बघायला लागला.

"अहो आई, काय केलंत हे!" सून ओरडली.

"काळं पडलं होतं. दिवाळीची चांदी घासत होते, त्यातच हेही दंतमंजनाने घासून पातेल्यात धुतलं. चांदी कुणी अशी काळी ठेवतं का?"

हा म्हातारा जर्मनीत स्टुटगार्टला आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. जिना झाडायची पाळी आमची असली, तरी मागून येऊन पायरीवर बोट फिरवून बघायचा. धूळ लागली नाही तर "गेनाऊ" म्हणायचा, म्हणजे बरोबर. मला तो खडूस वाटायचा. चहाला आला की आधी ते दुर्मिळ नाणं खिशातून काढून टेबलावर ठेवायचा. त्यावर वुर्झबुर्गच्या जुन्या काळातल्या एका बिशपचं तोंड होतं. तिथला राजाही तोच आणि धर्मगुरूही तोच. त्या दिवशी पोस्टमन आला म्हणून म्हातारा खाली गेला, तेवढ्यात मी नाणं उचललं.

तो रागावला नाही. माझ्या पातेल्यातल्या काळ्या पाण्याकडे बोट दाखवून जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटला.

"पाणी ओतून देऊ नका म्हणतात," सून म्हणाली.

पातेलं दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता, तो जिना उतरला.

नाण्यावरचा तो काळा थर महायुद्धात जळलेल्या त्याच्या घराच्या काजळीचा होता, नाणं त्याला त्या राखेतच सापडलं होतं, हे सुनेने मला नंतर सांगितलं. घरात आईबाप आणि त्याला धरून चार मुलं होती. वाचला तो एकटा.