‘धरले’चा रकाना

शनिवार, ३० जानेवारी १९९९. रात्रभर बर्फ, पहाटे थांबला. लॅडीची आंघोळ साडेनऊला. राखाडी सूट कमरेत सैल झाला आहे, आतून पिन लावली. टाय त्याने स्वतः बांधला, तिसऱ्या खेपेला जमला. नाश्त्याला दोन अंडी, राय ब्रेड, अर्धा कप कॉफी. गोळ्या घेतल्या. बारा ते चार घराबाहेर पडायचं नाही, असं सन्मानगृहाचं पत्र आहे. निवड झाली तर अध्यक्ष स्वतः येऊन दार ठोठावतील. नाही झाली तर फोन येईल.

एवढं लिहून व्हेरोनिका द्रोब्नीने पेनाला टोपण लावलं. एरवी ती संध्याकाळीच लिहायची. पण संध्याकाळपर्यंत आपला हात कसा चालेल याची तिला आज खात्री नव्हती, म्हणून सकाळचं सकाळीच उरकलं.

लॅडी पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसला होता. द्रोब्नी म्हणजे स्लोव्हाक भाषेत ‘बारका’. हा बारका सहा फूट पाच इंच उंच होता आणि खेळायचा तेव्हा दोनशे ऐंशी पौंड भरायचा. लग्नात व्हेरोनिकाच्या मामाने पाद्रीबाबांना विचारलं होतं, “फादर, वेदी तपासून घेतलीय ना? हा गुडघे टेकणार आहे.”

एरीच्या बार्जमेन या अमेरिकन फुटबॉल संघात तो अकरा वर्षं डावा टॅकल होता. चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक. त्याची पाठ ज्या बाजूला असते त्या बाजूने त्याला आडवं करायला जो धावून येतो, त्याला अडवणं हे लॅडीचं काम. नीट अडवलं तर कुणाचं लक्षही जात नाही. लोक चेंडूकडे बघतात. फेकणाऱ्याने किती यार्ड फेकलं, झेलणाऱ्याने किती झेलले, सगळं छापून येतं. अडवणाऱ्याचं नाव एकाच वेळी भोंग्यावर पुकारलं जातं: त्याने समोरच्याचा शर्ट धरला, पंचाने पाहिलं आणि पिवळं फडकं मैदानात पडलं, तर. अकरा वर्षांच्या छापील नोंदींत लॅडी द्रोब्नीचं नाव नऊ वेळा होतं. नऊही वेळा फडक्यामुळे.

बाकीचं सगळं व्हेरोनिकाकडे होतं.

रविवारी सामना संपला की लॅडी घरी येऊन गरम पाण्याच्या टबात बसायचा. कडेला स्टुलावर वही घेऊन ती. तो एकेक डाव आठवून सांगायचा, ती लिहायची. दोन रकाने होते. एक ‘पाडले’, म्हणजे ज्याला नियमाने अडवून जमिनीवर लोळवलं. दुसरा ‘धरले’. त्यात पंचाने पाहिलेलं आणि न पाहिलेलं, दोन्ही. पहिल्याच वर्षी लॅडी म्हणाला होता, “न पाहिलेलं कशाला लिहितेस गं? ते झालंच नाही.” तेव्हा ती म्हणाली होती, “पकडली गेलेली तेवढीच पापं सांगितली तर शाळेत सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला परत कबुलीच्या रांगेत उभं करायच्या.” लॅडी इतका हसला की टबातलं पाणी जमिनीवर आलं. त्यानंतर तो स्वतःहून सांगू लागला. त्यालाही त्याची गंमत वाटत असावी. जगात एका माणसाला आपलं सगळं काम माहीत आहे, चांगलं आणि वाईट.

लेकशोरच्या सन्मानगृहात निवडलेल्या खेळाडूच्या उजव्या पंजाचा ब्रॉन्झमध्ये साचा करून भिंतीवर लावतात. बावीस वर्षं लॅडीचं नाव यादीच्या तळाशी यायचं आणि गळायचं. त्याचा क्वार्टरबॅक डेल व्हिटकोम पहिल्याच वर्षी आत गेला. १७ डिसेंबर १९६७ च्या अंतिम सामन्यात नऊ सेकंद उरले असताना त्याने फेकलेला चेंडू या खोऱ्यात अजून शाळेतली मुलंसुद्धा फेकून दाखवतात. लॅडीला मात्र समिती दरवर्षी एकच उत्तर द्यायची: आकडे नाहीत.

तीन वर्षांपूर्वी लॅडीला वाढदिवसाच्या दिवशी आपलं वय सांगता आलं नाही. डॉक्टरांनी मेंदूची छायाचित्रं काढली आणि डोक्यावर बसलेल्या हजारो धडकांबद्दल सांगितलं. किती दिवस तो भानावर राहील ते सांगता येत नाही, म्हणाले. तेव्हापासून व्हेरोनिकाला एकच हवं होतं. त्याचा पंजा भिंतीवर लागावा, आणि तो आपला आहे हे कळण्याइतका तो शुद्धीवर असताना लागावा. डेल व्हिटकोमनेही त्या वेळी मनापासून धावपळ केली. जुन्या खेळाडूंची पत्रं गोळा केली, समितीतल्या लोकांना जेवायला नेलं. यंदा लॅडी शेवटच्या पंधरात आला.

ऑक्टोबरमध्ये हार्लन प्रूट घरी आला. तो पेपरात लिहायचा आणि समितीत त्याचं मत होतं. कोट न काढताच सोफ्याच्या कडेवर बसला.

“मिसेस द्रोब्नी, मला यांच्या बाजूने बोलायचंय. पण खोलीत चाळीस माणसं असतात, प्रत्येकजण कागद मागतो. तुमच्याकडे काही आहे का? कात्रणं, पत्रं, काहीही?”

“वह्या आहेत,” ती म्हणाली.

तिने अकरा वह्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. प्रूटने एक उघडली, दुसरी उघडली. मग त्याने कोट काढला.

“बाई, हे असं कुणाकडेच नाही. देशात कुणाकडे नाही. मी घेऊन जाऊ?”

“उद्या या,” ती म्हणाली. “लॅडीला विचारते.”

त्या संध्याकाळी लॅडीचं डोकं स्वच्छ होतं. असे दिवस तेव्हा आठवड्यातून दोन-तीन यायचे. त्याने वह्यांवरून बोट फिरवलं आणि सदुसष्टची बाजूला काढली.

“ही देऊ नकोस.”

“त्याच वर्षी तू सगळ्यात जास्त पाडलेस, लॅडी.”

“मग डिसेंबरचं पान फाड.”

“वहीचं पान मी कधी फाडलेलं नाही.”

“एक पान, रोनी. कुणाला कळणारे?”

“मला कळेल. आणि एक पान नसलं की बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवेल? नंबर घातलेत मी पानांना.”

“तू आणि तुझे नंबर,” लॅडी म्हणाला. जरा थांबून म्हणाला, “ती वही माझी आहे का तुझी?”

आपली वही बावनकशी आहे आणि ती आता चाळीस माणसं वाचणार आहेत, या विचाराने त्या रात्री तिला अभिमान वाटला होता. तेही तिने लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा वह्या प्रूटच्या गाडीत गेल्या.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्रूटचा लेख आला. अर्धं पान लॅडीच्या कौतुकाचं होतं. सहाशे अकरा जणांना लोळवलं, हा आकडा मथळ्यात होता. पण उरलेलं अर्धं पान एका ओळीवर होतं, आणि ती ओळ चौकटीत छापली होती: ‘१७ डिसें. शेवटचा डाव. डाव्या हाताने शर्ट धरला, काखेखाली. पंच दुसरीकडे पाहत होता. धरलं नसतं तर डेल गेलाच होता, म्हणतो. धरले: १.’

खोऱ्याची सगळ्यात लाडकी फेक नियमबाह्य होती, आणि साक्षीदार होती अडवणाऱ्याची बायको.

जेवणाच्या आत फोन वाजला.

“रोनी, डेल बोलतोय.”

“बोल, डेल.”

“एकतीस वर्षं मी त्या फेकीवर जेवतोय. माझ्या हॉटेलच्या भिंतीवर ती आहे. नातवाच्या वाढदिवसाचा केकसुद्धा त्याच फेकीचा होता. आणि तू जगाला सांगतेस, चोरीची होती?”

“मी काही सांगितलं नाही. लॅडी जे बोलला ते लिहिलं.”

“अगं, नवरा टबात बसून बायकोला काय वाट्टेल ते बोलतो! ते लिहून ठेवायचं असतं होय?”

“ते खरं होतं.”

“खरं!” डेल हसला. “त्या नन्सनी तुझ्यासाठी स्वर्गात खुर्ची धरून ठेवली असेल, बघ. लॅडीला मात्र लेकशोरात स्टूलसुद्धा मिळणार नाही. मी आणलेली मतं मीच परत नेणार आहे. लोकांपुढे त्याचं नाव घेऊन मी स्वतःच्या थोबाडीत मारू का?”

“त्याला फोन देऊ?”

“ओळखतो का तो मला?”

“कधी कधी.”

“मग नको,” म्हणाला, आणि ठेवला.

पुढच्या आठवड्यात डेल टीव्हीवर आला. मुलाखतकाराने द्रोब्नीबद्दल विचारलं. “घ्या की त्याला,” डेल म्हणाला. “फक्त पंजाचा साचा करताना मुठीत समोरच्याचा शर्ट राहू द्या. नाहीतर ओळखणार कसा?” स्टुडिओतले सगळे हसले. खोऱ्यातही हसले.

शुक्रवारी स्लोव्हाक क्लबात मासे तळतात. व्हेरोनिका आणि लॅडी तीस वर्षं तिथे एकाच टेबलावर बसत आले होते. त्या शुक्रवारी ते दारातून आत आले तेव्हा बारपाशी कुणीतरी शिट्टी फुंकली आणि एक पिवळा कागदी रुमाल लॅडीच्या पायाशी येऊन पडला. मग दुसरा. मग चार-पाच एकदम.

“धरलं रे धरलं! दहा यार्ड मागे!”

“लॅडी, बायकोला विचारल्याशिवाय मुतायला जाऊ नकोस, लिहून ठेवेल!”

लॅडीने खाली पाहिलं. तो सावकाश, गुडघा धरून वाकला आणि एकेक रुमाल उचलू लागला. बारपाशी गेला आणि पहिल्या माणसाला एक दिला. “तुझं पडलं.” दुसऱ्याला दिला. “हे तुझं.” हसणं कमी होत गेलं, पण थांबलं नाही. त्यांच्या टेबलावर दुसरं कुटुंब बसलं होतं. व्हेरोनिकाने मासे बांधून घेतले.

त्यानंतर लॅडीचं डोकं स्वच्छ असण्याचे दिवस आठवड्याला एकावर आले. लेखाचं त्याला आठवत नव्हतं. पंजाचं मात्र आठवत होतं. टेबलावर उजवा हात पसरून, वाकडी झालेली बोटं डाव्या हाताने सरळ करू पाहायचा. “साचा घेताना दुखतं का गं?” विचारायचा.

आणि आता तीस जानेवारी उजाडली होती. बारा वाजले, एक वाजला. त्याने जेवायला नकार दिला, शर्टावर सांडेल म्हणून. दोन वाजता म्हणाला, “रस्ता साफ केलाय ना? अध्यक्षांची गाडी अडकायची.”

“केलाय.”

“भाषणात आधी तुझं नाव घेणार.”

पावणेतीनला दारावर टकटक झाली.

लॅडी उठला. गेली दोन वर्षं त्याला खुर्चीतून उठवायला व्हेरोनिका लागत होती; आज तो एकटा उठला. त्याने दार उघडलं. बाहेर शेजारची टिली ओलेक्सा होती, हातात फडक्याने झाकलेलं ताट. कोबीच्या पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, आणल्या होत्या तिने, चार वाजेपर्यंत या दोघांनी उपाशी बसू नये म्हणून. ठोठावायचं नाही हे त्या दिवशी सगळ्या गल्लीला माहीत असायला हवं होतं, पण टिलीचे दोन्ही हात अडकलेले असले की ती कोपराने दार ठोठावायची, वर्षानुवर्षं.

“आलात!” लॅडी म्हणाला, आणि त्याने तिला ताटासकट मिठी मारली. पिरोगी पायरीवर सांडल्या. तो रडत होता. “मला माहीत होतं तुम्ही येणार. रोनी, आले बघ! आधी माझ्या बायकोचे आभार मानतो, सर. तिने सगळं लिहून ठेवलंय.”

टिलीने त्याच्या खांद्यावरून व्हेरोनिकाकडे पाहिलं. तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला.

व्हेरोनिकाने तो घेतला. पलीकडचा माणूस सभ्य होता. चार वाक्यं बोलला, पाचव्यात आभार मानले. ती परत आली तेव्हा टिली कुजबुजली, “राँग नंबर होता म्हण. देवाशपथ, व्हेरा. राहू दे त्याला असंच. संध्याकाळपर्यंत विसरेल तो.”

व्हेरोनिकाने लॅडीचा हात टिलीच्या खांद्यावरून काढला.

“लॅडी, ही टिली आहे. अध्यक्ष आले नाहीत. त्यांचा फोन आला. तुला घेतलं नाही.”

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळ्यांतलं धुकं हळूहळू निवळलं, आणि तेच वाईट झालं.

“का?”

“सदुसष्टचा शेवटचा डाव. तू धरलं होतंस.”

“पंचाने पाहिलं नव्हतं.”

“मी लिहिलं होतं.”

लॅडीने मान हलवली, डाव समजल्यावर हलवायचा तशी. “म्हणजे फडकं तू टाकलंस,” तो म्हणाला आणि जाऊन खुर्चीत बसला, दाराकडे तोंड करून.

टिलीने पायरीवरच्या पिरोगी गोळा केल्या. जाताना म्हणाली, “तू दगड आहेस, व्हेरा.” दार तिने हळू लावलं.

सव्वातीनला लॅडीने विचारलं, “किती वाजता येणार ते?” व्हेरोनिकाने सांगितलं. त्याला ते जणू पहिल्यांदाच कळलं. पुन्हा त्याने का विचारलं, पुन्हा तिने सांगितलं, पुन्हा त्याचा चेहरा तसाच झाला. पावणेचारला परत, चार वाजता परत. अंधार पडायच्या आत आणखी दोनदा. खोटं बोलावं असं तिला वाटलं नाही असं नाही. पण पाचव्यांदा खोटं बोलायचं तर पहिल्यांदा खरं कशाला बोललो, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून ती दर वेळी तेच शब्द म्हणाली, त्याच क्रमाने.

मग त्याने विचारायचं थांबवलं. सूट मात्र काढू दिला नाही.

सात वाजता तिने वही उघडली. सकाळच्या मजकुराखाली लिहिलं: फोन २.५० ला. निवड नाही. लॅडीने विचारलं: ५ वेळा. सांगितलं: ६ वेळा. लॅडी सूटमध्येच झोपला. कपडे धुण्याच्या यंत्राचा पट्टा तुटला, सोमवारी माणूस बोलवायचा.